कासिरर वाचायचा तर पहिलं प्रकरण सोडा

मी जन्मभर मोजणीखात्यात साखळी ओढली. तत्त्वज्ञानाशी संबंध आला तो निवृत्तीनंतर, जर्मन तत्त्वज्ञ अर्न्स्ट कासिररच्या 'ॲन एसे ऑन मॅन'मुळे. दोनदा अर्ध्यावर टाकलं, तिसऱ्यांदा जमलं. कसं, ते सांगतो.

आधी त्याच्या मोठ्या ग्रंथाचे, 'सिम्बॉलिक फॉर्म्स'चे (म्हणजे प्रतीकरूपांचे) तीन जर्मन खंड (1923 ते 1929) बाजूला ठेवा. 1933 साली नाझी आल्यावर या ज्यू प्राध्यापकाने हॅम्बुर्ग सोडलं. पुढे अमेरिकेत, नव्या वाचकांसाठी त्याने थेट इंग्रजीत हे आटोपशीर पुस्तक लिहिलं, 1944 साली. पुढच्याच वर्षी तो गेला.

पहिल्या प्रकरणात सॉक्रेटिसपासून डार्विनपर्यंत नावांची रांग आहे. तिथेच माणूस दमतो, म्हणून दुसऱ्यापासून सुरू करा. ते चार-पाच पानांचंच आहे. जनावराला बाहेरून काही जाणवतं आणि ते लगेच हालचाल करतं. माणसाच्या बाबतीत या दोहोंच्या मध्ये प्रतीकांचं जाळं येतं, एवढं पक्कं धरा.

तिसऱ्यात खूण आणि प्रतीक यांतला फरक आहे. आमची मांजर मासेवालीच्या हाकेला धावते, ती खूण. मासेवाली दारात नसताना आपण बांगड्याच्या तिखल्यावर तासभर बोलतो, ते प्रतीक. आंधळ्या-बहिऱ्या हेलन केलरचा प्रसंग इथेच येतो: 5 एप्रिल 1887, हातावर पंपाचं पाणी, दुसऱ्या हातावर तिच्या शिक्षिकाबाईंनी बोटांनी लिहिलेली अक्षरं. प्रत्येक वस्तूला नाव असतं, हे त्या मुलीला त्या दिवशी उमगलं.

आता पुस्तक मिटा आणि कागदावर एक नागमोडी रेघ ओढा. ही युक्ती कासिररचीच, पण जर्मन खंडांतली. तीच रेघ कुणाला नक्षी, कुणाला मंत्राची खूण, गणितज्ञाला वक्र. मला ओढा दिसला, बायकोला रांगोळी. आधी नुसती रेघ दिसली आणि अर्थ मागाहून चिकटवला, असं झालं का? स्वतःला विचारा. मला ती नुसती रेघ काही सापडली नाही.

चौथं प्रकरण सावकाश वाचा. आदिवासी माणसाला नदीचं वळण न् वळण ठाऊक असतं, पण नकाशा काढता येत नाही, असं कासिरर म्हणतो. इथे मी त्याच्याशी भांडतो. असे म्हातारे मी बांधावर पुष्कळ पाहिले. पेन्सिल दिली की हात थांबायचा. पण 'फणसाखालचा कोपरा', 'बुडकी', 'सतीचा दगड' असं म्हणत चालू लागले की गट नंबराची हद्द उभी राहायची. नावांचा नकाशा तो नकाशा नव्हे? भाषेला स्वतंत्र प्रतीकरूप मानणाऱ्या कासिररला हे सुचायला हवं होतं.

पुढे मिथक, भाषा, कला, इतिहास, विज्ञान. क्रम पाळायची सक्ती नाही. मी कलेपासून सुरुवात केली, विज्ञान शेवटी ठेवलं.

सगळं झालं की पहिल्या प्रकरणाकडे परत या. ती नावांची रांग आता ओळखीची वाटते.