घरपट्टी थकलीय? आधी शास्तीचा रकाना बघा
घरपट्टी तीन-चार वर्षं थकली की बिलाचा आकडा बघून पोटात गोळा येतो, पण बिल ड्रॉवरमध्ये कोंबू नका, आधी मूळ कर किती आणि शास्ती, म्हणजे उशिरा भरल्याचा दंड, किती ते वेगळं काढा. महापालिकेची शास्ती महिन्याला 2 टक्के, म्हणजे वर्षाला 24, पर्सनल लोन बरं म्हणायचं! बऱ्याच पालिका अधूनमधून अभय योजना आणतात, त्यात फक्त शास्तीत सूट मिळते, मूळ कर भरावाच लागतो, तोही बहुतेकदा एकरकमी. म्हणून तेवढे पैसे तयार ठेवा. आमचे मामा शेवटच्या दिवशी गेले आणि नेमका सर्व्हर डाऊन. योजनेची वाट बघत मात्र बसू नका, जप्तीची नोटीस आधी येऊ शकते.