आयक्यूएसीवर कोणाला घ्यावं?

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, म्हणजे आयक्यूएसीचे, अध्यक्ष प्राचार्यच असतात. सोबत ३ ते ८ शिक्षक, व्यवस्थापनाचा एक प्रतिनिधी, कार्यालयातले वरिष्ठ (कार्यालय अधीक्षक घ्याच, निम्मी आकडेवारी त्यांच्याच कपाटात असते) आणि स्थानिक समाज, विद्यार्थी, माजी विद्यार्थी, उद्योग यांतून एकेक. समन्वयक ज्येष्ठ शिक्षकांपैकी. नामनियुक्त सदस्यांची मुदत २ वर्षे.

घोळ होतो तो बाहेरच्या सदस्यांपाशी. नाव मोठं म्हणून उद्योजक घेतला की तो बैठकीला फिरकत नाही, आणि गणपूर्तीला तर दोन तृतीयांश सदस्य लागतात. १५ जणांच्या कक्षात १० हजर हवेत. म्हणून आधी लेखी संमती घ्या, मगच नियुक्तिपत्र द्या. विद्यार्थी प्रतिनिधी शेवटच्या वर्षाचा नको, तो मुदत संपायच्या आतच कॉलेज सोडतो.

बैठक दर तिमाहीत किमान एक. इतिवृत्तात नुसतं ‘चर्चा झाली’ लिहू नका. ठराव, जबाबदार व्यक्ती आणि तारीख हवी. पुढच्या बैठकीत आधी मागच्या ठरावांचा कार्यवाही अहवाल घ्या. सह्या त्याच दिवशी. एक्यूएआर (नॅकला द्यायचा वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल) भरायच्या आदल्या रात्री एकाच पेनाने उरकलेल्या वर्षभराच्या सह्या कोणालाही ओळखू येतात.