कार्ल्याच्या चैत्यगृहात एचडीआर: आधी स्टॉप मोजा

कार्ल्याचं चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे. दुपारनंतर दर्शनी बाजूच्या मोठ्या गवाक्षातून भरपूर उजेड येतो, पण खांबांमागच्या वाटा काळोख्याच राहतात. स्तूपापासून दाराकडे कॅमेरा वळवला की एका फोटोत दोन्ही सांभाळता येत नाही. गवाक्ष जपलं तर खांब काळे, खांब जपले तर गवाक्ष पांढरंफटक. एचडीआर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो जोडून एक करणं, इथे खरंच कामाला येतं.

दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो काढा, असं सर्रास सांगितलं जातं. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. त्यातून मधल्या फोटोच्या दोन्ही बाजूंना दोनच स्टॉप मिळतात, आणि इथे तेवढ्याने भागत नाही. म्हणून आधी मोजा. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००. गवाक्षावरचा तपशील टिकेल, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटणार नाही, असा शटर वेग शोधा. समजा १/२५० आला. मग खांबांच्या सावलीसाठी शोधा; समजा १ सेकंद. मध्ये आठ स्टॉप झाले. म्हणजे पाच फोटो: १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद. कॅमेऱ्याचं ब्रॅकेटिंग (वेगवेगळ्या उजेडाचे फोटो आपोआप काढण्याची सोय) तीनवरच थांबत असेल, तर मॅन्युअल मोडवर शटर हाताने बदला. अॅपर्चरला हात लावू नका. ते बदललं की फोकसची खोली बदलते आणि फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत.

ऑटो आयएसओ बंद, व्हाइट बॅलन्स एकच, फाइल रॉ (सेन्सरचा सगळा तपशील ठेवणारी). एकदा फोकस साधला की लेन्स मॅन्युअलवर टाका, नाहीतर अंधारात ती दर फोटोला नवा फोकस शोधत बसते. ट्रायपॉडवर दोन सेकंदांचा टायमर लावा. लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. ट्रायपॉडच्या परवानगीची चौकशी निघण्याआधीच करा.

शेजारीच एकवीरा आईचं देऊळ असल्याने सुट्टीच्या दिवशी लेण्यातही गर्दी असते. चालणारी माणसं प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी येतात आणि जोडल्यावर भुतासारखी अर्धपारदर्शक दिसतात. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये एचडीआर मर्ज करताना डीघोस्ट (ही भुतं काढण्याची सोय) ‘लो’वर ठेवून पाहा, गरज पडली तरच वाढवा, जास्त केल्यास त्या जागी नॉइज (दाणेदारपणा) दिसू लागतो. हगिन हे सॉफ्टवेअर फुकट आहे, फोटो जुळवून एकत्र करायला चांगलं.

जोडल्यावर शॅडोजची पट्टी शेवटपर्यंत ओढायचा मोह होतो. तिथेच खांबांच्या कडेने पांढरट वलय उमटतं आणि दगड प्लॅस्टिकसारखा दिसतो. छताच्या लाकडी फासळ्या मोजता येतील इतपत उजळल्या की थांबा; बाजूच्या वाटा काळ्याच असू द्या.