सीडीके-२ मागवण्याआधी

सोलापुरात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला कुणी वनस्पतींचे अर्क घेऊन कायनेज असेकडे (प्रोटीनवर फॉस्फेट बसवणारं एन्झाइम अर्कामुळे किती मंदावतं, ते मोजणाऱ्या चाचणीकडे) वळलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एन्झाइम कुठून मागवू?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. आधी सांग, ते ठेवणार कुठे? उणे 80 अंशांचा फ्रीझर कुणाचा आहे, लाइट गेल्यावर तो जनरेटरवर चालतो का, हे विचारून ये. मग कॅटलॉग उघड.

सीडीके-२, म्हणजे पेशी-विभाजनात काम करणारं कायनेज, घ्या. कॅटलॉगमध्ये हे एकच नाव दोन-तीन प्रकारांत दिसतं. नुसतं सीडीके-२ जवळपास निष्क्रिय असतं. त्याला सायक्लिन-ए किंवा सायक्लिन-ई या जोडीदार प्रोटीनची जोड लागते, शिवाय 160 क्रमांकाच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसलेलं असावं लागतं. त्यामुळे अ‍ॅक्टिव्ह कॉम्प्लेक्सच घ्या. मानवी जीन बॅक्युलोव्हायरस या कीटकांच्या विषाणूमार्फत कीटकपेशींत घालून बनवलेलं बऱ्याचदा मिळतं. किंमत मायक्रोग्रॅमवर लिहिलेली असली तरी बघायची ती अ‍ॅक्टिव्हिटी, आणि ती लॉटगणिक बदलते.

पार्सल ड्राय आइसमध्ये येतं. मे महिन्यात इथे पारा 42 च्या पुढे जातो, त्यामुळे शक्यतो थंडीत मागवा; पण गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्ट्या सांभाळून, नाहीतर खोकं घ्यायला डिपार्टमेंटमध्ये कुणी नसतं. आल्या आल्या खोक्यात बर्फ उरलाय का ते बघून फोटो काढून ठेवा.

ट्यूब बर्फावरच वितळवा. व्हॉर्टेक्स (ट्यूब जोरात घुसळणारं यंत्र) नको. ग्लिसरॉलमुळे द्राव घट्ट असतो, पिपेट भरभर ओढलं तर माप कमी येतं आणि टिपच्या बाहेर थेंब चिकटून राहतो. पहिल्याच दिवशी एकेका वापरापुरते छोटे अ‍ॅलिकॉट करून परत उणे 80 ला टाका. विरल करायच्या बफरमध्ये थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) हवंच, नाहीतर इतकं कमी प्रोटीन ट्यूबच्या भिंतीलाच चिकटतं.

मग एन्झाइमचं प्रमाण ठरवा. सब्स्ट्रेट (ज्यावर फॉस्फेट बसतं ते प्रोटीन) हिस्टोन एच-१, सोबत फॉस्फेट पुरवणारं एटीपी आणि मॅग्नेशियम. वेळेनुसार सरळ रेषेत वाढणारा भाग शोधा. सब्स्ट्रेट दहा टक्क्यांहून जास्त संपू देऊ नका. डेटाशीटवरचा आकडा त्यांच्या बफरमधला असतो, तो आपल्याला जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. स्टॉरोस्पोरिन हे कायनेज नक्की अडवणारं द्रव्य पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ठेवा, आणि डीएमएसओ (अर्क विरघळवायचा द्रव) प्लेटच्या सगळ्या वेल्समध्ये (खळग्यांमध्ये) सारखं.

अर्कवाल्यांसाठी खास. कायनेजने एटीपी वापरलं की एडीपी उरतं; ते मोजणाऱ्या किटमध्ये शेवटी उजेड देतं ते ल्युसिफरेज हे दुसरं एन्झाइम, आणि जितकं एडीपी जास्त तितका उजेड जास्त. अर्कातलं एखादं द्रव्य त्यालाच अडवतं, आणि आपण खुशीत येतो की सीडीके-२ बंद पडलं! म्हणून काही वेल्समध्ये एन्झाइम न घालता ठरावीक एडीपी आणि अर्क एवढंच घ्या. तिथेही उजेड घटला, तर तो अर्क ग्राफमध्ये घेण्याआधी वेगळ्या पद्धतीने तपासा. गडद रंगाचे अर्क तर उजेड नुसते गिळतात, त्यांच्याकडे मी आधीपासूनच संशयाने बघते.