वॉर्डातून लॅबपर्यंत सॅम्पल नीट कसं पोहोचवायचं

रक्तातलं पोटॅशियम 6.8 आलं, म्हणजे धोक्याइतकं जास्त, पेशंट मात्र बेडवर बसून चहा पितोय, ईसीजी एकदम नॉर्मल, आणि मग वॉर्डातून फोन येतो की तुमची मशीन बिघडली. मशीन बहुतेक वेळा बरोबरच असते भाऊ, बल्बमध्ये, म्हणजे रक्ताच्या नळीत, जे आलं तेच तिने मोजलं, गडबड झाली ती रक्त काढताना नाहीतर रस्त्यात. नागपुरात लॅबचं काम करतोय, म्हणून वॉर्डातले मामा, सिस्टर न बाईकवरून सॅम्पल आणणारी पोरं यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी कारण समजून घ्या. लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या सीरमपेक्षा पंचवीस-तीस पट जास्त असतं, एलडीएच आणि एएसटी ही एन्झाइमं पण आत भरपूर. थोड्या पेशी जरी फुटल्या तरी हे सगळं बाहेर येतं आणि रिपोर्ट वर चढतो. सेंट्रीफ्यूजमधून बल्ब काढला की वरचं सीरम स्वच्छ पिवळसर दिसायला पाहिजे, फुटलेलं सॅम्पल डाळिंबाच्या रसासारखं लालसर दिसतं, लांबूनच कळतं. पण सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तिचा ईडीटीए (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेला बल्ब फिरवत नाहीत, त्यामुळे तिथे हे डोळ्याला दिसत नाही, म्हणून काळजी सगळ्याच बल्बची घ्यायची.

आता मोठ्या हॉस्पिटलात ती हवेच्या पाईपची ट्यूब सिस्टीम असते, डबीत सॅम्पल टाकलं की दोन मिनिटात लॅबमध्ये. छान सोय आहे, मी तिच्या विरोधात नाही, पण डबी वळणावर आपटते, शेवटी झटक्यात थांबते, आणि अर्धवट भरलेल्या बल्बमध्ये रक्त हवेबरोबर घुसळून निघतं. म्हणून बल्ब खुणेपर्यंत भरा, डबीत फोम किंवा स्पंज घालून बल्ब हलणार नाही असा बसवा, झाकण घट्ट आहे का बघा, आणि प्रत्येक बल्ब गळती न होणाऱ्या पिशवीत टाका. साध्या बायोकेमिस्ट्रीला, सीबीसीला चांगली सेट केलेली सिस्टीम चालते.

हे मात्र हातानेच न्यायचं: प्लेटलेट फंक्शनची टेस्ट, आणि एबीजीची (धमनीच्या रक्तातला ऑक्सिजन वगैरे बघायची) सिरिंज, काहून की त्यात बारीक बुडबुडा राहिला आणि पाईपमधून गेली तर ऑक्सिजनचा आकडा बदलतो. बुडबुडा आधीच काढायचा, प्लास्टिक सिरिंज बर्फात ठेवायची नाही, अर्ध्या तासात मशीनवर लावायची. तसंच ल्युकेमियाचा पेशंट ज्याच्या पांढऱ्या पेशी लाखाच्या वर आहेत, त्या पेशी नाजूक असतात, पाईपमध्ये फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढतं, तेवढ्यावर उपचार सुरू केले तर पेशंटचं पोटॅशियम खरंच घसरू शकतं. असं सॅम्पल हाताने पाठवून परत बघायचं.

विदर्भात सिकलसेलचे (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) पेशंट भरपूर, त्यांच्या अंगातच पेशी तुटत असतात, एलडीएच तसंही वाढलेलं, त्यात वाटेतही पेशी फुटल्या तर डॉक्टरला आजार किती न वाहतुकीचा दोष किती हे वेगळं काढता येत नाही. म्हणून त्यांचं सॅम्पल मी तरी हातानेच मागतो.

बाईकवाल्यांनो, मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा डिक्की म्हणजे भट्टी, सॅम्पल डिक्कीत टाकून धंतोलीच्या सिग्नलवर उभं राहू नका. इन्सुलेटेड बॉक्स, त्यात जेल पॅक, पण पॅक कापडात गुंडाळलेला, बल्बला थेट चिकटवायचा नाही. बल्ब रॅकमध्ये उभे, झाकण वर, स्पीडब्रेकरवर हळू. सगळंच बर्फात घालायचं असा लोकांचा समज आहे, तो चूक. न फिरवलेलं रक्त थंड केलं की पेशीचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं, फ्रीजमध्ये ठेवलेला प्लेन बल्ब म्हणूनच फसवतो. अमोनिया मात्र बर्फातच न्यायचा. पीटी-एपीटीटीचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या टेस्टचा) निळा बल्ब रूम टेंपरेचरला, नऊ भाग रक्त एक भाग सायट्रेट, कमी भरला तर गोठायची वेळ खोटी वाढते, आणि एपीटीटी चार तासांच्या आत व्हायला हवी.

वेळेचंही तसंच. साध्या बल्बमध्ये पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के कमी होते, उन्हाळ्यात आणखी, म्हणून शुगर ग्रे बल्बमध्ये आणि तोही लवकर पोहोचवा. सीरम दोन तासांच्या आत वेगळं झालं पाहिजे. बिलिरुबिनचा बल्ब, खास करून बाळाचा, फॉइलमध्ये गुंडाळा, उजेडात आकडा घसरतो.

नवीन पाईप बसवली असेल तर कंपनीच्या सर्टिफिकेटवर विसंबू नका. एकाच पेशंटचं एकाच वेळी काढलेलं रक्त, एक बल्ब पाईपने, एक हाताने, अशा जोड्या पाठवा, पोटॅशियम, एलडीएच आणि हिमोलिसिस इंडेक्स (पेशी किती फुटल्या त्याचा आकडा) शेजारी शेजारी ठेवून बघा, फरक दिसला तर वेग कमी करायला सांगा. लांबच्या वॉर्डाचं वेगळं तपासा, वळणं जास्त असतात.

आणि लालसर सॅम्पल आलं तर आकडा तसाच सोडून देऊ नका, हिमोलाइज्ड लिहा, वॉर्डात फोन करून नवीन मागवा, आणि सांगा की या वेळी मामाच्या हातात द्या.