न्यू जर्सीत पहिल्यांदा परसबाग लावताना

पाडव्याच्या सुमारास इथे दोन-चार दिवस छान ऊन पडतं आणि नव्याने घर घेतलेल्या मंडळींचे फोन सुरू होतात: "ताई, भेंडी लावू का आता?" नको. भेंडीला अजून दीड-दोन महिने आहेत. वरच्या उन्हावर जाऊ नका, मातीत बोट घालून बघा. बोट गार पडलं तर बी तिथेच कुजणार. चिपळूणहून २००६ साली एडिसनला आले, तेव्हा मला हे सांगणारं कोणी नव्हतं. पहिल्या वर्षी एप्रिलच्या मध्यात भेंडी, कारली, दुधी सगळं पेरलं आणि महिनाभर रिकाम्या वाफ्याला पाणी घालत बसले. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते.

इथली माणसं वाटाणा १७ मार्चच्या आसपास पेरतात. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर यांना गारवा चालतो, ती एप्रिलच्या सुरुवातीला पेरा. टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपं घरात खिडकीशी किंवा दिव्याखाली वाढवून मदर्स डे झाल्यावर, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारनंतर बाहेर लावा. त्याआधी एखाद्या रात्री दव गोठलं तर सकाळी रोपं उकडल्यासारखी काळी पडलेली दिसतात. भेंडी, गवार, कारली, दुधी मेच्या शेवटच्या आठवड्यात. माती १८-२० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय ही भाजी हलत नाही. कारल्याच्या बीचं टोक नखकात्रीने किंचित कापून बी रात्रभर भिजत घाला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा. मोड आला की कपात लावा. ऑक्टोबरच्या मध्यापासून पुन्हा रात्री दव गोठायला लागतं. एवढ्या काळातच सगळं उरकायचं असतं.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: दिवसाची लांबी. जूनमध्ये इथे दिवस १५ तासांचा असतो; कोकणात तो १३ तासांच्या फारसा पुढे जात नाही. आपला वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. त्यामुळे इथे वेल सगळा उन्हाळा मांडवभर पसरतो, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतो आणि शेंगा भरेपर्यंत थंडी गाठते. वाल लावायचाच असेल तर बियांच्या पाकिटावर लवकर फुलणारा वाण असल्याचं बघून घ्या. कोथिंबिरीचं उलटं. लांब दिवस आणि उकाडा सुरू झाला की ती चार पानं देऊन फुलोऱ्यावर जाते. म्हणून ती एप्रिलात एकदा आणि ऑगस्टच्या शेवटी पुन्हा पेरायची. मेथीही तशीच. सप्टेंबरची मेथी इथे फार गोड लागते.

आता माती. एडिसनच्या बाजूला खणलं की लाल माती लागते आणि कोकणातल्या माणसाला भरून येतं. पण ही जांभ्याची माती नव्हे. लाल शेल दगडाची ही चिकणमाती आहे, पावसात लगदा आणि उन्हात वीट. खणण्याआधी ८११ वर फोन करून जमिनीखालून गेलेल्या गॅस-विजेच्या लाइनी खुणावून घ्या, त्याचे पैसे पडत नाहीत. मग रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून माती तपासून घ्या. इथली माती बहुतेक वेळा आम्ल निघते. किती चुना घालायचा ते अहवालात लिहून येतं, अंदाजाने घालू नका. घर १९७८ च्या आधीचं असेल तर शिशाचीही तपासणी करा. जुन्या रंगात शिसं असायचं आणि भिंतीलगतच्या मातीत ते अजून असतं. लहान मुलं असलेल्या घरात यात हयगय नकोच. शिसं जास्त निघालं तर लाकडी चौकटीचा फूटभर उंच वाफा करून त्यात बाहेरून आणलेली माती भरा. पण जुन्या डेकच्या, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्याच्या, फळ्या त्यासाठी वापरू नका. २००३ पर्यंतच्या अशा लाकडाला आर्सेनिकचं रसायन दिलेलं असायचं.

पहिल्या वर्षी चार फूट बाय आठ फुटांचे दोन वाफे पुष्कळ झाले. दिवसातून सहा-आठ तास ऊन येईल अशीच जागा घ्या.

खताला पैसे घालवू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्ण वस्ती पाचोळा पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवते. तो मागून घ्या, आनंदाने देतात. दोन-तीन घमेली पाचोळा, एक घमेलं भाजीची देठं-सालं, वरून थोडी माती, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. शिजवलेलं अन्न घालू नका, रॅकून येतात. हिरवळीवर तणनाशक मारलं असेल तर तिथलं कापलेलं गवतही नको.

शेणखताबाबत मात्र जपून. तिसऱ्या वर्षी मी एका तबेल्यातून घोड्याची लीद आणली, चांगली जुनी, काळीभोर, वास नसलेली. पंधरवड्यात टोमॅटोचे शेंडे नेच्याच्या कोंबासारखे गुंडाळले गेले. मला रोग वाटला. कारण निघालं ते गवतावर मारलेलं तणनाशक. रुंद पानांचं तण मारणारी काही औषधं जनावराच्या पोटातून जशीच्या तशी बाहेर पडतात आणि खत कुजलं तरी टिकतात. त्या वर्षीचा अख्खा वाफा गेला. तेव्हापासून कुठलंही खत आणलं की आधी एका कुंडीत त्यात आणि दुसऱ्या कुंडीत साध्या मातीत घेवडा पेरते आणि तीन आठवडे दोन्ही बघते. तुम्हीही तेच करा. आणि ताजं शेण घालणार असाल तर, मातीला टेकणाऱ्या भाजीसाठी काढणीच्या निदान १२० दिवस आधी घाला. सेंद्रिय शेतीचा इथला नियमच तसा आहे.

किडीपेक्षा मोठा त्रास हरणांचा आणि ग्राउंडहॉगचा, म्हणजे बिळात राहणाऱ्या, मोठ्या घुशीसारख्या प्राण्याचा. ग्राउंडहॉग एका सकाळीत मेथीचा वाफा साफ करतो. जाळी फूटभर जमिनीत पुरा आणि तळाशी बाहेरच्या बाजूला वळवा. हरणांसाठी आठ फूट उंची लागते. तुमच्या गावचा कुंपणाचा नियम आधी विचारून घ्या. टोमॅटोवर बोटाएवढी हिरवी अळी दिसली तर हाताने काढा. पण तिच्या पाठीवर भाताच्या शितांसारखे पांढरे कोष चिकटलेले असतील तर तिला राहू द्या. एका बारीक गांधीलमाशीचे ते कोष असतात. त्यातून बाहेर पडणाऱ्या माश्या तुमच्या पुढच्या अळ्या संपवतात. औषध मारलंत की हे मदतनीसच आधी मरतात.

दुधीला फुलं येतात, बोटाएवढी फळं धरतात आणि पिवळी पडून गळतात, ही तक्रार दरवर्षी येते. रोग नसतो तो, परागीभवन झालेलं नसतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. सात-आठच्या सुमाराला वेलाखाली जा. बारीक लांब देठाचं ते नर फूल. ज्याच्यामागे लवदार इवलासा दुधी असतो ते मादी. नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा भाग मादी फुलात हलकेच फिरवा. तीन-चार दिवसांत दुधी मान खाली घालून वाढायला लागतो. माझी मुलं हे काम भांडून करायची.

बिया गावाहून सुटकेसमध्ये आणू नका. आरोग्य-प्रमाणपत्राशिवायचं बी विमानतळावर काढून घेतात आणि लपवलं तर दंड होतो. एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत वसंतात सगळं मिळतं. स्वयंपाकघरातले धणे दोन भागांत फोडून पेरले तरी उगवतात. कढीपत्ता कुंडीतच ठेवा आणि सप्टेंबरअखेर आत घ्या. फ्लोरिडाच्या नातेवाइकांकडून रोप मात्र आणू नका. लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाची कीड त्यावरून पसरते म्हणून तशी बंदी आहे.

अळूचे कांदे भारतीय दुकानात अरवी म्हणून मिळतात. डोळा फुटलेले टणक कांदे निवडा आणि मेअखेर सगळ्यात ओलसर कोपऱ्यात लावा. जुलैपासून वडीजोगी पानं मिळतात. पहिल्यांदा दव गोठून पानं लोळली की कांदे खणून काढा, माती झटका, दोन दिवस सावलीत सुकवा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून तळघरात ठेवा. माझ्याकडे आता जे अळू आहे ते पंधरा वर्षांपूर्वीच्या चार कांद्यांचं. तुम्हाला हवे असतील तर मेमध्ये पिशवी घेऊन या.