दाराचे स्पीकर बदलण्याआधीची तयारी

गाडीच्या दारातले स्पीकर बदलायचे असतील, तर नवे विकत घेण्याआधी एकदा दाराचं पॅनल काढून आत बघून घ्या. बरेच जण आधी स्पीकर घेतात, मग पॅनल काढतात, आणि मॅग्नेट काचेला अडतोय हे तेव्हा कळतं. डब्यावरचे 6.5 इंच म्हणजे फक्त तोंडाचा व्यास, खोली वेगळी बघावी लागते. जुना स्पीकर काढा, काच पूर्ण खाली घ्या आणि स्पीकर बसतो त्या पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. काच वर असताना घेतलेल्या मापाचा काही उपयोग नाही. नव्या स्पीकरची माउंटिंग डेप्थ, म्हणजे पत्र्यामागे जाणारी खोली, या मापापेक्षा निदान 5 मिमी कमी हवी, कारण खड्ड्यांतून जाताना काचही थोडी हलते. खोली कमी पडली तर मध्ये रिंग टाकून स्पीकर बाहेर घेता येतो, पण मग पुढची जागा कमी होते आणि कोएक्सियल स्पीकरचा मध्यभागी बसवलेला ट्वीटर (बारीक स्वरांचा छोटा स्पीकर) पॅनलच्या जाळीला टेकू शकतो. तेही माप घ्याच. रिंग प्लास्टिकची घ्या. एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) रिंग दारातल्या ओलाव्याने फुगते.

आता वॉटचं बघू. डब्यावर ठळक छापलेला पीक पॉवरचा आकडा सोडून द्या, आरएमएस, म्हणजे सलग पेलवणारी पॉवर, बघा. स्टिरिओवर 50×4 लिहिलेलं असलं, तरी सलग मिळतात ते चॅनलमागे साधारण 15 ते 20 वॉट. वेगळा ॲम्प्लिफायर लावणार नसाल तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते, जास्त महत्त्वाची. 3 डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते. इम्पिडन्स (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) बहुतेक ठिकाणी 4 ओहम असतो, तरी जुन्या स्पीकरच्या पाठीमागे छापलेला आकडा वाचून घ्या. स्टिरिओला झेपतो त्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर जोडला, तर स्टिरिओ तापतो.

सामान फार लागत नाही. प्लास्टिकचे पॅनल खोलायचे पाते, स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल, वायर स्ट्रिपर, क्रिम्पिंगचा पक्कड (तारेवर टोक दाबून बसवायला), हीट श्रिंक नळी (गरम केली की जोडावर आवळून बसणारी), आणि पॅनलच्या जादा क्लिपा. क्लिपा आधीच आणून ठेवा, दोन-चार तुटतातच, आणि अर्ध्या क्लिपांवर बसवलेलं पॅनल नवा स्पीकर वाजला की खडखडतं. बऱ्याच गाड्यांत कंपनीचा स्पीकर रिव्हेटने ठोकलेला असतो, ड्रिल त्यासाठी. ड्रिल करताना खाली कापड धरा आणि लोखंडाचा चुरा पुसून काढा, नाहीतर तो मॅग्नेटला जाऊन चिकटतो.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. काही गाड्यांच्या दारात साइड एअरबॅगचा प्रेशर सेन्सर असतो. तो कुठे आहे हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून ठेवा, आणि अशा दारातली भोकं त्यात सांगितल्याशिवाय बंद करू नका. कंपनीचा कपलर (तारांचा जोड) कापू नका, आपल्या गाडीचा अडॅप्टर मिळवा.

खरा वेळ राखून ठेवायचा तो दारासाठी. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तितकीच उलटी लहर निघते. आतल्या पत्र्याला मोठी भोकं असली की ही लहर पुढे येऊन बेस खाऊन टाकते. त्यासाठी ही भोकं झाका आणि बाहेरच्या पत्र्याला आतून, स्पीकरच्या बरोबर मागे, ब्युटाइल रबराचं, पत्र्याची थरथर दाबणारं डॅम्पिंग शीट लावा. आधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि शीट रोलरने दाबून बसवा. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र मोकळी ठेवा. काचेच्या कडेने पावसाचं पाणी आत येणारच, ते साचलं तर पत्रा गंजतो. आतलं पॉलिथीनही फेकू नका, जिथे कापलं असेल तिथे नीट चिकटवा. पैसे मोजकेच असतील, तर स्पीकर एक पायरी खालचा घ्या पण हे काम सोडू नका, असं माझं ठाम मत आहे. रिकाम्या डब्यासारख्या दारात महागडा स्पीकरही पोकळच वाजतो.

एक 1.5 व्होल्टचा सेलही जवळ असू द्या. त्याचा प्लस स्पीकरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवला की पडदा बाहेर यायला हवा. कपलरकडून हीच चाचणी घेतली, तर तारा उलट जोडल्यात का हे लगेच दिसतं. एकाच दारात उलट झाल्या तर दोन्ही स्पीकर वाजतात, पण बेस नाहीसा होतो.

पॅनल लावण्याआधी बॅटरी जोडा, काच खाली-वर करा, लॉक आणि आतलं हँडल चालवून बघा. स्टिरिओच्या बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडरने (पुढचा-मागचा) एकेक दार वेगळं वाजवा. हाय-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेखालचे खर्जाचे स्वर अडवणारा) असेल तर 80 हर्ट्झपासून सुरुवात करा, आणि त्यानंतरच क्लिपा दाबा.